काठ शिवलेली सतरंजी

मित्रांनो, मी सतरंजी. मी जुनी आहे हे वेगळे सांगायला नको, अंगावरची ठिगळे बघितलीत की कळतेच. माझे निळे पट्टे आता राखाडी झाले आहेत आणि तांबडे पट्टे विटकरी. माझ्यासारख्या एखादीवर तुम्ही कितीदा तरी बसला असाल, पण तिच्याकडे नीट पाहिले नसेल. त्यात तुमचा दोष नाही. सतरंजीवर बसणारा नेहमी समोर बघतो.

नगरच्या एका हातमागावर माझा जन्म झाला. तिथून मला तिसगावच्या छगन मंडपवाल्याने आणले आणि ऐन उमेदीची वर्षे मी त्याच्याकडे काढली. साखरपुडे, बारशी, दहावे, पुढाऱ्यांच्या सभा, सगळीकडे मी जाऊन आले. पंगतीत माझ्यावर वरण सांडले आणि सभेत पानाच्या पिचकाऱ्या पडल्या. पुढाऱ्यांमागे फिरून काही हाती न लागलेली माणसे म्हणायची, "आमी जल्मभर नुसत्या सतरंज्या उचलल्या." मला हसू यायचे. उचलणाऱ्यांचे दुःख एवढे मोठे, तर जिला उचलतात तिने कुणापाशी रडावे? कार्यक्रम संपला की माणसे आपापल्या घरी जात आणि रिकाम्या मंडपात मी एकटी पडून राहत असे. पुढे प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या. मग तेवढेही काम उरले नाही आणि छगनच्या अडगळीत माझी वळकटी उभी राहिली.

तेव्हाच पंकजाताई तिसगावात आल्या. त्या नगरच्या एका शाळेत ग्रंथपाल होत्या. पोरांनी हट्टाने मागून घ्यावीत अशी पुस्तके कपाटात फार थोडी आहेत, हे त्या रोज पाहत होत्या. शेवटी नोकरी सोडून त्या माहेरच्या गावी परतल्या, बाजारतळाजवळ खताच्या दुकानाला लागून एक गाळा घेतला आणि वर पाटी लावली, 'चिंचोका प्रकाशन'. पुस्तके काढायची ती लहान मुलांची, आणि तीही ज्यांचे नाव कुणी ऐकलेले नाही अशा लेखकांची. गावाने कपाळाला हात लावला.

"पुनं-मुंबई सोडून हितं कोन पुस्तकं काढतं का, बाई?" छगन म्हणाला. पण बसायला काही नाही हे पाहून त्याने मला त्यांच्या हवाली केले. "घेऊन जावा हिला. तेवढीच माझी जागा रिकामी व्हईल."

असे माझे कन्यादान झाले.

पंकजाताईंची एक रीत होती. कोणतीही नवी गोष्ट छापण्याआधी ती पोरांना वाचून दाखवायची. आठवडी बाजाराला वाड्यावस्त्यांवरून बाया भाजी घेऊन येत आणि त्यांच्यामागे पोरे लुडबुडत. त्या पोरांना गाळ्यात बोलावून माझ्यावर बसवायचे, गोष्ट वाचायची आणि शेवटी मूठ मूठ शेंगदाणे द्यायचे. लेखकाने मात्र समोर यायचे नाही. त्याने मागच्या खोलीच्या दाराआड बसायचे, कारण लेखक समोर असला की पोरे बुजतात.

माझ्या दोन्ही टोकांना सुट्या दोऱ्यांच्या दशा होत्या. गोष्ट रंगली की पोरांचे हात मांडीवर असत, नाही तर तोंडात. गोष्ट रेंगाळली की तेच हात गुपचूप माझ्या काठाकडे येत आणि दोरे ओढू लागत. मधे बसलेली पोरे माझी भोके मोठी करत. हे पंकजाताईंनी लवकरच हेरले. पोरे गेली की त्या केरसुणीला हात लावण्याआधी माझ्याभोवती पडलेले दोरे वेचत आणि तळहातावर घेऊन लेखकापुढे धरत. "पोरं तोंडानं छान म्हणतात. बोटांना खोटं बोलता येत नाही," असे त्या म्हणत.

शिर्डीला हारफुलांचे दुकान चालवणारा अजिनाथ एकदा राक्षसाची गोष्ट घेऊन आला होता. त्या दिवशी माझे चांगले मूठभर दोरे निघाले.

"पोरान्ला वढायची सवयच असती, ताई. त्यात माझ्या राक्षसाचा काय गुन्हा?"

"गेल्या बाजारी अंगणवाडीच्या रेश्माने लिहिलेली गोष्ट वाचली. तेव्हा कुणाचा हात गेला नाही."

अजिनाथ फणकाऱ्याने निघून गेला. पावसाळा सरल्यावर परत आला, तो राक्षसाला निम्मा कापूनच. त्याचे ते पुस्तक आज तालुक्यातल्या कितीतरी शाळांत पाने सुटेपर्यंत वाचले जाते. दोरा निघताना मला दुखत नसे असे नाही. पण कार्यक्रम संपल्यावर कुणीतरी वाकून माझ्याकडे बघावे, हे जन्मात पहिल्यांदाच घडत होते. त्यापुढे मला दुखण्याचे काही वाटत नसे.

दिवस सारखे राहत नाहीत. पोरे हळूहळू कमी झाली. भाजीच्या पाटीमागे बसल्या बसल्या आया पोरांच्या हाती मोबाईल देऊ लागल्या. पंकजाताई मला अंथरून दारात उभ्या राहत, हाका मारत, आणि कधी कधी बाजार उठेपर्यंत तशाच उभ्या असत. मागच्या खोलीत त्या एकट्याच राहायच्या. जेवताना त्या मला अर्धी उलगडून माझ्यावर बसत. ताटातली भाजी निवून जाई, तरी त्यांचा हात पुढे सरकत नसे. दोन एकट्या एका ठिकाणी आल्या म्हणून सोबत होतेच असे नाही, मित्रांनो.

अशात मोनिका आली. सुप्याच्या एका कारखान्यात ती मशीनवर काम करायची आणि कंपनीच्या बसमध्ये जाता-येता मोबाईलवर गोष्ट लिहायची. कारखान्याच्या भिंतीच्या कडेकडेने हरवलेली शेळी शोधत जाणाऱ्या मुलीची गोष्ट होती ती. पंकजाताईंचा त्या गोष्टीवर जीव जडला. पुस्तकांचे गठ्ठे बांधायला येणाऱ्या छबूबाईंना त्या म्हणाल्या, "हे पुस्तक पोरांनी उचललं तर आपला चिंचोका राहील. नाही उचललं, तर पाटी उतरवायची."

छबूबाईंनी ते फार मनावर घेतले. एवढी महत्त्वाची पाहुणी यायची आणि सतरंजी अशी लक्तरलेली? त्यांनी आपले जुने हिरवे लुगडे फाडले, माझ्या चारही बाजूंना त्याचा गोट शिवला आणि भोकांवर ठिगळे लावली.

"आता बघा, ताई. लई झ्याक दिसती का न्हाई?"

पंकजाताईंनी गोटावरून हात फिरवला. "छबूबाई, तुम्ही हिला लेकीसारखं नटवलंत."

खोटे कशाला बोलू, मलाही बरे वाटले. म्हातारपणी कुणी मायेने नवे लुगडे नेसवले तर कुणाला नको असते? आम्हा तिघींपैकी एकीच्याही डोक्यात पुढचे काही आले नाही.

वाचन सुरू झाले. शेळी हरवली, मुलगी निघाली, आणि पोरे कान टवकारून ऐकू लागली. मग गोष्टीत एक आजोबा आले. त्यांनी मुलीला आधी स्वच्छतेचे महत्त्व सांगितले, नंतर पाण्याचे, नंतर कष्टाचे. आजोबा काही थांबेनात. तिकडे शेळीचे काय झाले कुणास ठाऊक. आणि मला जाणवले, बोटे आली. इकडून आली, तिकडून आली, माझा काठ चाचपू लागली. समर्थ नावाच्या पोराने तर गोटावर नखाने कोरून पाहिले. पण छबूबाईंची टीप पक्की होती. बोटे हिरमुसून परत मांडीवर गेली. पोरांनी शेंगदाणे घेतले, "छान हाय" म्हणाली आणि पळाली.

पंकजाताई वाकल्या. माझ्याभोवती एकही दोरा नव्हता. त्यांनी धावत जाऊन मागच्या खोलीचे दार उघडले.

"मोनिका, एक दोरा निघाला नाही. अगं, एकसुद्धा नाही."

मोनिका त्यांच्या गळ्यात पडून रडली. मला ओरडून सांगावेसे वाटत होते, पण सतरंजीला तोंड कुठले?

पुस्तक जसेच्या तसे छापले गेले. नगरहून टेम्पोने गठ्ठे आले. शाळाशाळांत पुस्तक गेले, पोरांनी उघडले, आजोबांपर्यंत वाचले आणि ठेवून दिले. पुन्हा कुणी मागितले नाही. कंपनीच्या बसमधल्या सगळ्या बायांना मोनिकाने पुस्तकाचे कौतुकाने सांगितले होते. आता ती खिडकीकडे तोंड करून बसू लागली, असे कुणीतरी येऊन सांगितले. नंतर तिने पंकजाताईंचा फोन घेणेही सोडले.

"पोरंच बदलली, छबूबाई," पंकजाताई एके दिवशी म्हणाल्या. "जी गोष्ट ऐकताना जागची हलली नाहीत, तीच हातात धरवत नाही त्यांना. आता कुणाच्या भरवशावर पुस्तकं काढायची?"

सगळ्यात मोठे नुकसान हेच होते. पोरांवरचा त्यांचा विश्वास उडाला. वाचन बंद झाले. माझी वळकटी करून मला माळ्यावर ठेवले, ते नेमके मोनिकाच्याच पुस्तकांच्या गठ्ठ्यांवर. खाली कुणी न वाचलेले पुस्तक आणि वर जिच्यावर कुणी बसत नाही अशी सतरंजी. तिथे मला ना पायांचा स्पर्श, ना आवाज. खाली बाजार भरायचा आणि उठायचा, तेवढे फक्त ऐकू येई. मंडपातले एकटेपण मला माहीत होते. पण तिथे निदान माणसे नुकतीच उठून गेलेली असत आणि त्यांची ऊब थोडा वेळ तरी अंगात टिकत असे.

शेवटी गाळा सोडायचे ठरले आणि आपली पुस्तके घेऊन जा, असा निरोप मोनिकाला गेला. ती दुपारची आली. खुर्च्या केव्हाच देऊन टाकल्या होत्या, म्हणून छबूबाईंनी मला झटकून अंथरले. मोनिका माझ्यावर बसली. दाराच्या अलीकडे ती पहिल्यांदाच बसत होती.

"ताई, नेण्याआधी एकदा वाचून दाखवाल का? मी आपली आतच बसले हुते तवा."

पंकजाताई वाचू लागल्या. शेळी हरवली, तशी मोनिका पुढे झुकली. स्वतःचीच गोष्ट, तरी ती कान देऊन ऐकत होती. मग आजोबा आले. आणि तिची बोटे माझ्या काठाशी आली. माळ्यावर उंदराने एका कोपऱ्यात टीप कुरतडली होती. तिथे तिचे नख शिरले, गोट उसवला आणि माझा एक निळा दोरा बाहेर आला. ती तो बोटाला गुंडाळत बसली. तिला पत्ताही नव्हता.

पंकजाताई वाचायच्या थांबल्या.

"मोनिका, हातात काय आहे तुझ्या?"

मोनिकाने खाली पाहिले. पंकजाताईंनी पुस्तक मिटून ठेवले आणि माझ्या चारही काठांवरून तळहात फिरवला.

"पोरं नाही बदलली गं," एवढेच त्या म्हणाल्या.

छबूबाई चहाचे कप घेऊन उभ्या होत्या. त्यांना उमगले तसा त्यांचा चेहरा उतरला. "म्या शिवलं म्हनून झालं व्हय हे? म्या तर चांगल्यासाटीच..."

"तुम्ही मायेनं शिवलंत. बघायचं काम माझं होतं," पंकजाताई म्हणाल्या आणि त्यांनी छबूबाईंना हाताला धरून माझ्यावर बसवले.

मोनिका अजून बोटाकडेच बघत होती. "ताई, मला माझ्याच गोष्टीचा कंटाळा आला. तो म्हातारा मी उगाच घातला. पुस्तक म्हणलं की त्यात कुनीतरी शिकवनारं पाहिजे, असं वाटलं मला." मग ती हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरले. "काढू का त्याला?"

"काढ. आणि फोन उचलत जा."

गोट छबूबाईंनी स्वतः उसवला. गाळा सोडणे तूर्त लांबणीवर पडले. पाटी अजून वर आहे, पण ती किती दिवस राहील हे मला सांगता यायचे नाही. सुट्टी मिळेल त्या बाजारी मोनिका सुप्याहून येते आणि नव्याने लिहिलेले वाचते. पोरे येतात ती दोन-चारच. दिशा नावाची एक पोर आणि समर्थ, हे दोघे ठरलेले. कधी कधी कुणीच येत नाही. तेव्हा पंकजाताई, छबूबाई आणि मोनिका मला अंथरून दाराकडे बघत बसतात.

मित्रांनो, आत्मवृत्ताच्या शेवटी उपदेश करायची रीत आहे. त्या आजोबांची गत पाहिल्यापासून मी उपदेशाचा धसकाच घेतला आहे. म्हणून एक विनवणी तेवढी करते. बाजाराला आलात तर गाळ्यात या आणि माझ्यावर बसा. गोष्ट रटाळ वाटली तर भिडेपोटी गप्प राहू नका, माझा दोरा ओढा. असे दोरे निघत निघत एक दिवस मी संपेन, हे मला कळते. त्याला माझी ना नाही. माळ्यावर माझा एक दोराही कुणी ओढला नव्हता आणि माझ्याजवळ कुणी नव्हते.