परातीतली भरती

हेमलताने पितळी परात दोन्ही हातांनी धरून एका बाजूने सावकाश उचलली. पाणी पलीकडे सरकलं आणि अलीकडची कागदी होडी उघड्या पडलेल्या तळावर कलंडून बसली. चौथीच्या मुली भोवती गोळा होऊन बघत होत्या.

"आता होडीवाल्याने काय करायचं?"

"ढकलायची," एकजण म्हणाली.

"ढकल बघू."

तिने बोट लावलं. ओला कागद पितळेला चिकटला होता, होडी जागची हलेना. मग हेमलताने परात हळूच टेकवली. पाणी परत आलं, होडीखाली शिरलं आणि होडी आपोआप उठून तरंगू लागली. कोणीतरी श्वास सोडला. खिडकीपाशी बसलेल्या सोयरानेही मान उंच करून बघितलं. ती वर्गात बोलेनाशी झाल्याला आता वर्ष होत आलं होतं.

झालं होतं एवढंच. मराठीच्या पुस्तकात खाडीकाठच्या होडीवाल्याचा एक धडा होता. आजारी माणसाला पैलतीरी न्यायचं असतं, पण पाणी ओसरलेलं असतं, म्हणून होडीवाला संध्याकाळपर्यंत पाणी चढायची वाट बघत बसतो. गेल्या वर्षी तपासणीला आलेल्या विश्वेश्वररावांनी तिसरीच्या वर्गाला हाच धडा वाचायला लावला होता. सोयराने तो घडाघडा वाचला. मग त्यांनी विचारलं, होडीवाला का थांबला?

"पाऊस पडायचा होता म्हणून," सोयरा म्हणाली.

विश्वेश्वरराव पोट धरून हसले. साहेब हसतात म्हटल्यावर वर्गही हसला. त्या दिवसापासून मुली तिला पावसक्का म्हणू लागल्या, आणि सोयराने तोंडाला कुलूप घातलं.

हेमलता तेव्हा या मराठी शाळेत नुकतीच नोकरीला लागली होती. नवऱ्याची विमानांच्या कारखान्यात बदली झाली म्हणून ती बेंगळुरात आलेली. पुढे एकदा एप्रिलच्या संध्याकाळी ती हलसूरच्या तळ्याजवळ अडकली. दिवसभर कडक ऊन, आणि पाच वाजता आभाळ भरून असा पाऊस कोसळला की बघता बघता तळ्याच्या पायऱ्या बुडाल्या. छत्रीखाली उभ्या उभ्या तिला सोयराचं उत्तर आठवलं. पोरीने धडा नीट वाचला होता. पावसाने संध्याकाळी पाणी चढतं, हे तिने या तळ्यावर डोळ्यांनी बघितलेलं होतं. तिच्याकडे फक्त समुद्र नव्हता.

तो आणायचा कुठून? हेमलताने स्वतः पुण्याबाहेरचं फारसं काही बघितलेलं नव्हतं. पण घरात सासूबाई होत्या. मालनबाई वेंगुर्ल्याच्या. बेंगळूरची हवा चांगली, असं कोणी म्हटलं की त्यांचं तोंड वाकडं व्हायचं. या हवेला मीठ नाही, ही त्यांची कायमची तक्रार. सुनेने शाळेत यायला सांगितलं तेव्हा त्यांनी आधी तीन वेळा नकार दिला आणि मग नवं लुगडं नेसून तयार झाल्या.

महिनाभर वर्गात समुद्रच होता. इतिहासात जलदुर्ग आला की मालनबाई सांगत, ओहोटीला कुठले खडक उघडे पडतात आणि परक्याची नाव त्यांवर कशी फुटते. गणिताच्या तासाला भरती रोज दोन घटका, म्हणजे पाऊण तासभर, उशिरा येते त्याचा हिशेब झाला. शास्त्राला चंद्र समुद्राचं पाणी कसा ओढतो ते झालं, मिठाचं पाणी उन्हात ठेवलं गेलं. सकाळच्या धुक्यात समोरचा रस्ता दिसेनासा झाला की मुलींना वाटे, तिथे रस्ता नाहीच, त्या धुक्याच्या आत लाटा आहेत. मालनबाई डोळे मिटून बोलत.

हेडमास्तर अप्पासाहेब एकदा दारात येऊन उभे राहिले.

"बाई, धडा एकच आहे. त्याला एवढा समुद्र कशाला?"

"धडा एक आहे सर, पण समुद्र चार पुस्तकांत आहे."

"तपासणी जवळ आलीय," एवढं म्हणून ते गेले. हेमलतालाही धाकधूक होतीच. बाकीच्या मुली आता पटापट बोलत. पण जिच्यासाठी हा सगळा खटाटोप, ती खिडकीपाशी गप्पच.

गप्प म्हणजे वर्गात. एका संध्याकाळी मालनबाईंना पोचवायला सोयरा बरोबर गेली आणि वाटेत तळ्याशी थांबली. पौर्णिमा होती. चंद्र तळ्याच्या मधोमध उतरला होता.

"अज्जी, काल मी पाण्याच्या कडेला दगड ठेवलेला. पाणी स्वल्प पण चढलं नाही."

मालनबाईंनी वाकून पाण्यात बोटं बुडवली. त्या तळ्याशी अशा पहिल्यांदाच थांबल्या होत्या.

"तळं लहान गो," त्या म्हणाल्या. "चंद्राच्या हाताला लागत नाही."

संक्रांत झाली आणि विश्वेश्वरराव आले. तोच कोट, तीच पेन्सिल. चौथीच्या पुस्तकातले दोन धडे झाल्यावर त्यांनी हातात नेमकं तिसरीचं पुस्तक घेतलं.

"होडीवाला का थांबला?"

भराभर हात वर झाले. त्यांनी ते ओलांडून खिडकीकडे बोट केलं. त्यांना ती मुलगी आठवत होती की नाही, कोण जाणे.

सोयरा उभी राहिली. बाकाच्या कडेवरून तिचं बोट फिरत राहिलं. मागे कोणीतरी पावसक्का असं पुटपुटलं.

"पाणी खाली गेलेलं, सर," ती म्हणाली. "होडी चिखलात बसलेली. पाणी चंद्र ओढतो. दिवसात दोनदा चढतं, दोनदा उतरतं."

हेमलताने डोळे मिटले. विश्वेश्वररावांची पेन्सिल मात्र कागदावर टेकून तशीच राहिली.

"दोनदा?" त्यांनी विचारलं. "रोज?"

"रोज."

"पाऊस नसताना पण?"

वर्गातून खुसखुस ऐकू आली. सोयराने मागे वळून नुसतं बघितलं आणि खुसखुस थांबली. विश्वेश्वरराव पुस्तकातल्या त्या ओळीवर नजर लावून बसले होते. किती वर्षं ते हा प्रश्न विचारत आले होते आणि बरोबर उत्तरावर खूण करत आले होते.

"तुम्ही समुद्र बघितला नाही, सर?"

"नाही," ते म्हणाले. "आम्ही बीदरकडचे."

"मी पण नाही."

ती कोपऱ्यात गेली. परात आणून तिने त्यांच्या टेबलावर ठेवली, माठातलं पाणी आणून ओतलं. मग इकडे तिकडे बघितलं. होडी नव्हती, जुनी कधीच भिजून फाटली होती. विश्वेश्वररावांनी आपल्या कागदांतून एक कोरा कागद काढून तिच्यापुढे धरला.

सोयराने तो घेतला आणि घडी घालायला सुरुवात केली.

"खुर्ची स्वल्प इकडे घ्या, सर," ती म्हणाली. "तिथून दिसायचं नाही."