हसरा सैनिक

बर्लिनमधल्या एका खासगी लष्करी संग्रहालयात नंदा जुने फोटो स्कॅन करून त्यांच्याखालच्या ओळी लिहायची. २०१६चा उन्हाळा. तिचा करार संपत आला होता आणि तो वाढवणं तिच्या बॉसच्या, केलरबाईंच्या हाती होतं. म्हणूनच मुलांच्या प्रदर्शनात आपली ओळ गाळलेली पाहून तिचं डोकं तडकलं, तरी ती गप्प बसली.

फोटोत पाण्यातून मान काढलेला, नौदलानं टेहळणीला जुंपलेला डॉल्फिन होता, अंगावर पट्ट्यानं आवळलेला कॅमेरा. नंदानं लिहिलं होतं, 'सांगितलेलं काम केलं नाही, तर याला उपाशी ठेवत.' छापलं होतं, 'आमचा हसरा सैनिक.'

तिच्या लेकीचा, मैत्रीचा, तिसरीचा वर्ग आज इथंच आला होता. नागपूरहून आलेले सासरे, निवृत्त शिक्षक सुदाम, नातीसोबत होते.

"ममा, एर लाख्ट! हसतोय तो!" मैत्री ओरडली.

"हसत नाही गं तो," सुदाम खाली बसून म्हणाले. "त्याच्या जबड्याची ठेवणच तशी. दुखलं खुपलं तरी तोंड असंच दिसणार."

तेवढ्यात केलरबाई बादली घेऊन आल्या. आत माशांच्या आकाराच्या, रबरासारख्या चिवट गोड गोळ्या. "उत्तर बरोबर, तर मासा. चुकलं, तर नाही. अगदी डॉल्फिनसारखं!"

मैत्रीचं उत्तर चुकलं. तिचे ओठ थरथरले.

"रडायचं नाही हं! डॉल्फिनसारखी उडी मार, मग देते."

मैत्रीनं उडी मारली. पोरं खिदळली. "आणखी उंच!" बाई म्हणाल्या. मैत्रीनं पुन्हा मारली.

"जन्मभर पोरं शिकवली," सुदाम गरजले, "पण खाऊ दाखवून कुणाला नाचवलं नाही!"

"मामाजी, हळू. बॉस आहेत माझ्या."

"मी मराठीत बोलतोय, त्यांना काय कळणार? जर्मन तुला येतं ना?"

नंदाच्या कानशिलात रक्त उसळलं. तिनं पुढं होऊन बादली हिसकावली आणि प्रत्येक पोराच्या हातावर मूठ मूठ मासे ठेवले. मग जर्मनमध्ये, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली, "हा हसत नाहीये. याला भूक लागलीय. मोठ्या माणसांनी मुद्दाम लावलीय. आणि हेच मी इथल्या ओळीत लिहिलं होतं, ते काढून टाकलं."

एका मुलीनं तोंडातला मासा हळूच बाहेर काढला. "त्याचं नाव काय होतं?"

"नाव ठेवलंच नव्हतं. नुसता नंबर."

केलरबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. "करार माझ्या टेबलावर आहे, फ्राऊ वानखेडे. हे विसरलात?"

"नाही विसरले. म्हणून तर इतके दिवस गप्प होते."

"आल्झो, मग कार्ड द्या."

नंदानं गळ्यातलं कार्ड काढून त्यांच्या तळहातावर आपटलं. घाबरायला तिला अजून फुरसतच मिळाली नव्हती.