नेम धरणारी तोफ

टेबलाखाली स्टीलची वाटी गरगरली आणि दुपारच्या शांततेचे तीनतेरा वाजले. लेक निजलीय या समजुतीत आई फोटो स्टुडिओतून आणलेलं फोटो सफाईचं, रिटचिंगचं काम उरकत होती. तिनं वाकून पाहिलं. चार वर्षांची बाई डोक्यावर पातेलं घालून बसली होती.

"इथं काय चाललंय गं?"

"तोफेपासून लपलेय. ती पापी माणसावर नेम धरते. मी फुलदाणी फोडली ना, म्हणून माझ्यावर धरलाय."

तीन दिवस पोर बालवाडीला जात नव्हती. वाट वाचनालयातून होती, आणि तिथल्या भिंतीवर एक जुनाट फोटो होता: एक तोफ, शेजारी ताठ उभा शिपाई. आजवर पालीखेरीज त्याकडे कुणी फिरकलं नव्हतं. मग कुठूनसे तोफमहाराज उगवले आणि मुंगीला शिरायला जागा उरली नाही.

"डावीकडून बघा, नेम तुमच्यावर. उजवीकडून बघा, तुमच्यावरच. अस्सल अष्टधातू, शंभर रणं गाजवलेली. बोला, काय लपवलंत?"

दाताच्या डॉक्टरांनी भलताच दात उपटल्याचं कबूल केलं. आईच्या सासूबाईंनी सुनेच्या आमटीत मुद्दाम मीठ घातल्याचं सांगितलं. सुनेला ते आधीच ठाऊक होतं, ती गोष्ट वेगळी.

पण टेबलाखालचं ते पातेलं तिला बघवेना. तिनं लेकीच्या हाती झारा दिला. "माझ्या कॅमेऱ्यावर रोख बघू." फोटो मोठा छापून घेतला, भिंग पर्समध्ये टाकलं आणि लेकीला कडेवर घेऊन वाचनालय गाठलं. तोफेच्या फोटोशेजारी झाऱ्याचा फोटो टांगला.

"महाराज, डावीकडे सरका. आता उजवीकडे. झारा कुणावर आहे?"

महाराज सरकले. "माझ्यावर," ते पुटपुटले.

"अगंबाई, काय केलंत हो?" सासूबाईंनी आस्थेनं विचारलं.

"त्यांनी काही नाही केलं, आई," सून म्हणाली. "कागद सपाट असतो. खऱ्या तोफेच्या बाजूला गेलं की तिची कूस दिसते. फोटोत जिचं तोंड कॅमेऱ्याकडे, तिचं तोंडच दिसणार, कुठूनही बघा."

मग तिनं भिंग लावलं. लोकांच्या गालांवरचे मुरूम पुसून तयार झालेली नजर ती. तोफेच्या तोंडात भोक नव्हतंच, नुसता काळा रंग होता. त्याभोवती झाडाच्या खोडात असतात तशी वलयं, खाली सालीचा तुकडा आणि एक खिळा.

"हा ओंडका आहे. चाकांवर चढवून रंगवलेला, शत्रूला लांबून भिववायला."

"मग शंभर रणं कशानं गाजवली, लाटून?" डॉक्टर म्हणाले. हशा पिकला तेवढ्यात महाराजांनी मागचं दार गाठलं.

"हसताय काय," ती म्हणाली. "भ्यायच्या आधी दोन पावलं सरकून बघायला, जवळ जाऊन निरखायला कुणी अडवलं होतं आपल्याला? पोरं आपल्याकडे बघून भितात."

लेक कडेवरून उतरली. खुर्चीवर चढून तिनं काचेला नाक लावलं आणि बराच वेळ त्या शिपायाकडे पाहत राहिली.

"आई, ही लाकडाची आहे हे या काकांना माहीत होतं?"