वाळूवरचे रुंद टायर

"अजून थोडी," असं म्हणत माझ्या नवऱ्याने, पोनादीने, माझ्या सायकलच्या पुढच्या चाकात आणखी हवा भरली आणि टायरवर अंगठा दाबून बघितला. अंगठा जरासुद्धा आत गेला नाही. तो खूश झाला. "झकास! दगड झालाय दगड."

"मग तुम्हीच जा त्या दगडावर बसून. काढा ती हवा."

"तुला काय कळतंय त्यातलं, रेस्तीच्या आई? टायर टणकच पाहिजे. मऊ लागलं की गिऱ्हाइकाला पंक्चर वाटतं. अंगठा दाबतो आणि शेजारच्या अंगणात निघून जातो."

"मी तुमची गिऱ्हाईक नाही. मला आईकडे पोचायचंय."

कपितू हा आमचा पवित्र महिना. या महिन्यात ब्रोमो ज्वालामुखीच्या पायथ्याशी पसरलेल्या वाळूत इंजिनाचं काहीही उतरत नाही. जीप नाही, मोटरसायकल नाही. वाळू ओलांडायची ती पायी, घोड्यावर, नाहीतर सायकलवर. मग एरवी जीप चालवणारे गावातले सगळे नवरे पाहुण्यांना सायकली भाड्याने देतात आणि बघता बघता सायकलमधले पंडित होतात. आमच्या घरीही एक आहे.

माझं माहेर वाळूच्या पलीकडच्या काठावर. कपितू लागायच्या जरा आधी आई अंगणात पडली आणि तिची डावी बाजू गेली. ती राहते माझ्या धाकट्या भावाकडे, कस्मितोकडे. आमच्यात घर धाकट्याला जातं आणि घराबरोबर म्हातारी माणसंही. कस्मितो आणि त्याची बायको विनार्सिह सकाळी कोबीच्या शेतावर जातात. मी एक दिवसाआड जाऊन आईला धुते, भरवते, आणि संध्याकाळी परत येते, कारण इकडे माझं शेत आहे, सासरे आहेत, पोरं आहेत. अंधारात निघता येत नाही. धुक्यात वाळूवर वाट सापडत नाही, घोडेवालेसुद्धा चुकलेत. म्हणून फटफटलं की निघायचं आणि मर मर पेडल मारायचं.

आणि तरी दर वेळी मी पोचायची तेव्हा घराला कडी आणि आई ओल्यात. ओलीचिंब, गारठलेली, भिंतीकडे तोंड करून पडलेली. मी भावाला फोन केला तर तो मलाच म्हणाला, "ताई, आम्ही निघतो ना, तेव्हा आई कोरडी असते. चुलीपाशी बसवतो, पोटभर भरवतो, मगच आत निजवतो. तू वेळेवर आलीस तर ती भिजेल कशाला? तू येतेस रमतगमत."

रमतगमत! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण गिळली. कारण वाटलं, खरंच आहे. मी उशिरा पोचते म्हणून माझी आई मुतात पडून असते. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

उशीर का होतो ते मला ठाऊक होतं. माझ्या सायकलला पोनादीने बसवलेले टायर, बोटाच्या पेराएवढ्या उंच रबरी बटणांचे. वाळू म्हटली की दात पाहिजेत, हे त्याचं शास्त्र. सिमेंटच्या रस्त्यावर ती बटणं नुसती भुणभुणायची आणि सायकल मागून कुणी धरून ठेवल्यासारखी चालायची. वाळूत तर ती खणतच बसायची. वर पुन्हा दगडासारखी हवा, त्यामुळे प्रत्येक खड्डा थेट मणक्यात. चांगले टायर घरात होते, पण ते जाकार्ताच्या पाहुण्यांसाठी. त्यांच्यावर मी हात ठेवला तर हा खेकसला, "त्यांना हात लावायचा नाही!"

ठीक आहे. नाही लावत. कांद्याची पात सायकलला बांधून मी खाली शहरात गेले, पात विकली आणि तशीच कोह तियोंगच्या सायकलच्या दुकानात शिरले.

दुकानात सुराबायाचे तिघे जण बसले होते, एकसारखे हिरवे शर्ट घातलेले, पोटं सुटलेले, कॉफी पीत. मी टायर मागितले तसं कोह तियोंगने एक बारीक टायर काढून दिलं. "हे घ्या, इबू," तो म्हणाला; शहरात कुठल्याही बाईला इबूच म्हणतात. "बायकांना बारीकच बरं. हलकं पळतं."

"मला वाळूत जायचंय, कोह. बारीक रुतेल."

"वाळूत?" हिरव्यातला एक म्हणाला. "मग ते घ्या, इबू, ते वर टांगलेलं. बघा कसं मगरीच्या पाठीसारखं आहे!"

"तुम्ही चालवलंय का वाळूत?"

"आम्ही? आम्ही फोटो काढतो वाळूत," दुसरा म्हणाला आणि तिघेही हसले. त्यांचं हसू वाईट नव्हतं, पण त्या दिवशी मला कुणाचंच हसू सोसत नव्हतं.

"तर मग कॉफी प्या गप," मी म्हणाले.

मी एकेक टायर खाली काढायला लावलं. मला काय हवं ते मी त्या वाळूत सायकल ढकलताना शिव्या देत देत ठरवलं होतं. रुंद हवं, म्हणजे वाळूवर बसेल, आत घुसणार नाही. मधली बटणं बुटकी आणि एकमेकांना चिकटून, म्हणजे रस्त्यावर घासत बसणार नाहीत. कडेची थोडी उंच, वळताना धरायला. आणि बाजू पातळ, चिमटीत सहज दुमडणारी, म्हणजे कमी हवेतही टायर खड्ड्यावरून दबून जाईल. असं एक सापडलं. मी ते दुमडून बघितलं, सोडलं, परत दुमडलं.

"बाजू पातळ आहे हं," कोह म्हणाला. "तुमच्याकडे दगड धारदार. चिरली तर माझ्याकडे भांडायला येऊ नका."

"चिरली तर शिवेन."

तो हसला नाही. त्याने माझी सायकल उलटी केली आणि मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना बोट घालून बघितलं. "पुढे बसेल. मागे एवढं रुंद बसणार नाही, चिखल आला की घासेल. मागे एक नंबर कमी घ्या." ते मी मुकाट्याने ऐकलं.

घरी आल्यावर तमाशा झालाच. पोनादी अंगणात नवे टायर फिरवून फिरवून बघत होता. "हे? हे तर झिजलेलं दिसतंय! नव्याचे पैसे देऊन जुनं आणलंस?"

मी टायर चढवले, हवा भरली आणि मग नखाने व्हॉल्व्ह दाबून सुस्स करत पुष्कळशी सोडून दिली.

"अगं, काय करतेस? रिम जाईल!"

"तुम्ही जीप वाळूत घालायच्या आधी काय करता?" मी विचारलं. "काठावर थांबून, खाली बसून, चारी चाकांची हवा कोण सोडतं? माझा बाप?"

"जीपची गोष्ट वेगळी."

"का? जीपला वाळू वेगळी घातलीय का देवाने?"

तो हात झटकत घोडेवाल्यांकडे गप्पा मारायला निघून गेला. गेला ते बरं झालं. मी आणखी थोडी हवा सोडली आणि रिम दगडावर आपटणार नाही एवढी ठेवली.

दुसऱ्या दिवशी फटफटताच निघाले. रात्री पाऊस पडून गेला होता आणि वाळू वरून दबून बसली होती. उतार संपला, वाळू आली, आणि मी सवयीने दात आवळून अंग पुढे टाकलं. पण सायकल अडलीच नाही. नुसता खसखस आवाज आणि ती चाललीय. जिथे दर वेळी उतरून ढकलायची तिथे मी बसूनच होते. डोळ्यांत पाणी आलं, ते वाऱ्याने की रागाने कोण जाणे. इतके दिवस! इतके दिवस त्या माणसाच्या शास्त्रापायी मी आईला ओल्यात ठेवलं!

पलीकडचा चढ मात्र उतरून चढावा लागला. वर पोचले तेव्हा माहेरच्या छपरातून धूर निघत होता. दाराशी कस्मितोचे चिखलाचे बूट तसेच होते. म्हणजे ते अजून घरीच. मला इतका आनंद झाला की सायकल कुंपणाला नीट लावायचंही सुचलं नाही. आज आई मला चुलीपाशी दिसणार होती.

आमच्याकडे दारात आलेल्या कुणालाही आधी चुलीशी बसवतात. मी स्वयंपाकघरात शिरले. चूल रसरसलेली होती. भोवती कस्मितो, विनार्सिह आणि शेतावरचे दोन मजूर मक्याचा भात खात होते. आईच्या जागेवर, चुलीच्या उजव्या अंगाला, बियाण्याच्या बटाट्यांचं पोतं होतं.

"ताई?" कस्मितोचा घास हातातच राहिला. "इतक्या लवकर?"

मी आतल्या खोलीत गेले. आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी अंथरुणात हात घातला. आत्ताचं ओलं कोमट असतं, रात्रीचं गार असतं. तीन पोरं वाढवलेल्या बाईला हे कुणी सांगावं लागत नाही. ते गार होतं. इतके दिवस ते गारच लागायचं आणि मी समजायची की मला यायला वेळ लागला म्हणून गार झालं.

"आज जरा राहून गेलं," कस्मितो दारात उभा राहून म्हणाला. "रोज तर आम्ही..."

"तोंड बंद कर. दर खेपेला मीच धुतलंय." माझा आवाज बाहेर मजुरांपर्यंत गेला, जावा म्हणूनच काढला होता. "पाणी तापवून आण. तू आण. बायकोला सांगू नकोस."

त्याने आणलं. मी आईला धुतलं, पुसलं, कोरडं सारोंग नेसवलं, दुसरं थंडीसाठी खांद्यावरून घेऊन गळ्याशी गाठ मारली. मग तिला पाठीवर घेतलं. वजन असं राहिलंच नव्हतं. चुलीपाशी येऊन मी म्हणाले, "ते पोतं उचला."

"बियाणं आहे, ताई," विनार्सिह म्हणाली. "त्याला ऊब लागते."

"हिला पण लागते."

पोतं एका मजुराने उचललं. मी आईला तिच्या जागेवर बसवलं आणि मागून टेकू म्हणून स्वतः बसले. ती बराच वेळ जाळाकडे बघत राहिली. मग तिने उजवा हात पुढे केला, शेकला, आणि भोवतीच्या तोंडांकडे बघितलं. त्याच हाताने सारोंगचा काठ डोक्यावर ओढून घेतला, परक्याच्या घरी बसताना आमच्या बायका घेतात तसा.

"बाई, तुम्ही जेवा," ती विनार्सिहला म्हणाली. "मी कशाला मध्येच? जरा हात शेकते आणि निघतेच."

विनार्सिहने खाली मान घालून ताटलीत भात वाढला आणि पुढे ठेवला. आईने त्याला हात लावला नाही. तिने मान वळवून मला हळूच विचारलं, "घेऊ का, जुवाती?"

"घे. तुझंच आहे."

तिने एकदा घरधनिणीकडे बघितलं आणि ताटलीच्या कडेने थोडासा भात उचलला, पाहुण्याने उचलावा तेवढाच.