खुनी आधीच फुटला

इन्स्पेक्टरबाई सोफ्यावरून अशा उसळल्या की मांडीवरची उशी थेट टीव्हीखाली जाऊन पडली.

"फुटला! वन्सं, खुनी फुटला!"

त्यांची नणंद, म्हणजे वन्सं, ओल्या हातांनी स्वयंपाकघरातून धावत आल्या. "काय फुटलं? काचेचा बाउल का?"

"पेपर फुटतो तसा खुनी फुटला! पाद्री आहे! आणि अजून अख्खा एक भाग शिल्लक आहे!"

इन्स्पेक्टरबाई हे नाव जिन्यातल्या शेजाऱ्यांनी ठेवलेलं. पोलिसांशी त्यांचा संबंध एवढाच, की ब्रिटिश गुन्हेमालिका त्या एकही सोडत नाहीत. सगळी नोकरी छापखान्यात गेली आणि तिथल्या यंत्रांच्या धडधडीने जाताना कान नेले. कानात यंत्र घालूनही टीव्हीतलं बोलणं त्यांना विहिरीतून आल्यासारखं ऐकू येई, म्हणून त्या पडद्याखालच्या पांढऱ्या अक्षरांवर मालिका बघत. त्या रविवारी पडद्यावर अंधारं तळघर होतं. दाराआडून कुणीतरी बोललं. कोण ते दिसत नव्हतं, दाखवायचंच नव्हतं. आणि खाली अक्षरं उमटली, 'पाद्री, दाराआडून: तो दिवा विझव.'

"ज्यांना ऐकू येतं त्यांना नुसता घोगरा आवाज," इन्स्पेक्टरबाई येरझाऱ्या घालत म्हणाल्या. "ते अजून मजेत बागेतल्या माळ्यावर संशय घेत बसलेत. आणि मला नावासकट! हा काय न्याय झाला?"

"पाद्री फार गोड बोलायचा," वन्सं हात पुसत म्हणाल्या. "मला वाटलंच होतं."

"तुम्हाला काय वाटणार? तुम्ही आधी तुमच्या त्या बर्फातून बाहेर या!"

या दोघी एका घरात, एका टीव्हीवर राहत होत्या. इन्स्पेक्टरबाईंचे यजमान गेल्यावर शिशुवर्गाच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या वन्सं इथे राहायला आल्या आणि दोघींचं चांगलं जमलं. फक्त टीव्हीची वाटणी करावी लागली. रविवार खुनांचा, शनिवार बर्फाचा. वन्संना नाताळच्या सुट्टीतले सिनेमे आवडत. मोठ्या शहरातली, कानाला फोन चिकटलेली बाई एका बर्फाळ गावात येते, तिथे चौकड्यांच्या शर्टातला विधुर लाकडं फोडत असतो, त्याला एक गोड मुलगी असते, आणि पुढचं सांगायची गरज नसते.

"एवढा बर्फ पडतो आणि गावात एकाचंही नाक वाहत नाही," इन्स्पेक्टरबाई म्हणत.

"आणि तुमच्या त्या एवढ्याशा गावात दर आठवड्याला मुडदा पडतो, तरी घरांच्या किमती उतरत नाहीत," वन्सं म्हणत. "शिवाय नवरा गेल्याचं कळल्याबरोबर ती बाई चहाचं आधण ठेवते. पिते का कधी? नाही. सगळे कप तसेच थंड!"

दोघी एकमेकींना अहो-जाहो करत. भांडतानासुद्धा.

सोमवारी सकाळी इन्स्पेक्टरबाईंनी चॅनेलला फोन लावायला लावला. वन्संनी फोन हातात धरला, पलीकडचं त्या मोठ्याने परत सांगत आणि इन्स्पेक्टरबाई फोनवर तुटून पडत. इकडून तिकडे, तिकडून आणखी कुठे असं करत फोन अखेर सबटायटल करणाऱ्या विभागात पोचला. तिथल्या संपादिकेने सगळं ऐकून घेतलं.

"ती म्हणतेय, चूक तिचीच आहे," वन्संनी सांगितलं.

इन्स्पेक्टरबाईंची हवाच गेली. भांडणाची एवढी तयारी केलेली आणि समोरचा माणूस पहिल्याच वाक्यात कबूल!

"आणि म्हणतेय की नवी मालिका येतेय. समुद्रकाठच्या गावातली. दाखवायच्या आधी अक्षरं तपासायला कमी ऐकू येणारं कुणीतरी हवंय. काकू, याल का, असं विचारतेय."

"कुणाला विचारतेय?"

"तुम्हाला, वहिनी! दुसरं कोण बहिरं आहे इथे?"

इन्स्पेक्टरबाईंनी स्वतःच फोन हिसकावला आणि त्या एवढ्या जोरात "येते!" म्हणाल्या की शेजारच्या दाराची कडी वाजली.

ठरलेल्या दिवशी दोघी ठेवणीतले कपडे घालून निघाल्या. चॅनेलच्या कचेरीतली खोली छोटी होती, खाली जाड गालिचा, भिंतींना कापडी अस्तर, समोर भिंतभर पडदा. संपादिका चाळिशीची, चष्मा कपाळावर ढकललेला, बोटं कीबोर्डवर. ती इन्स्पेक्टरबाईंच्या अगदी समोर बसून, ओठ दिसतील असं सावकाश बोलत होती. तेवढ्यावर इन्स्पेक्टरबाईंनी तिला निम्मं माफ करून टाकलं.

"काकू, जिथे खटकेल तिथे हात वर करा. मी थांबवते."

पहिल्या मिनिटाला हात वर.

"हे काय, 'तणावपूर्ण संगीत'? आत्ता तर नुसता एक माणूस कुत्रा फिरवतोय!"

"मागे तसं संगीत आहे, काकू."

"असेल. पण मला आधीच घाबर म्हणून सांगू नका. मला भीती माझी मी वाटून घेईन. तुम्ही म्हणा, 'संथ व्हायोलिन.' मी समजते काय ते."

संपादिकेने चष्मा खाली ओढला आणि टाइप केलं. मग तीही रंगात आली. 'दार वाजते' म्हणजे कुणी ठोठावलं की वाऱ्याने आपटलं? कुणी पडद्याबाहेरून बोललं तर 'पुरुष' लिहावं की 'आवाज'? 'पुरुष' लिहिलं की गावातल्या निम्म्या बायका सुटल्या, असं इन्स्पेक्टरबाईंचं म्हणणं. दोघी एकमेकींची वाक्यं तोडत होत्या. मध्येच एकीला पटे, मध्येच दुसरीला. 'आवाज' जिंकला. व्हायोलिनवरून मात्र वाद झाला, कारण संपादिकेच्या मते ते व्हायोलिन नसून त्याचा जाड आवाजाचा मोठा भाऊ, चेलो, होता आणि तिचंच खरं होतं.

मालिका चांगली होती. समुद्रकाठचा हॉटेलमालक कड्याखाली मेलेला सापडतो. त्याची बायको, गावचा डॉक्टर, मेलेल्याची बहीण आणि होड्या दुरुस्त करणारा एक अबोल माणूस, एवढे संशयित. मळकट कोटातली इन्स्पेक्टर कुठेच नीट जेवत नव्हती, तिची गाडी चढावर बंद पडत होती आणि साहेबाने तिला केसवरून काढलंसुद्धा होतं. इन्स्पेक्टरबाईंना स्वर्ग दोन बोटं उरला होता. शेवटच्या भागाआधी संपादिकेने चित्र थांबवलं.

"आता सांगा. कोण?"

"डॉक्टर," इन्स्पेक्टरबाई म्हणाल्या. "शंकाच नको. औषधाच्या बाटलीवर दोनदा कॅमेरा गेला. उगाच नाही नेत ते."

"होडीवाला," मागून वन्सं मोठ्याने म्हणाल्या.

दोघींनी वळून बघितलं. इतका वेळ वन्सं कोपऱ्यातल्या खुर्चीत गप्प बसल्या होत्या. त्यांना फक्त सोबतीला आणलं होतं.

"होडीवाला? त्याला सबंध मालिकेत चार वाक्यं नाहीत!"

"वाक्यं कशाला हवीत? त्या हॉटेलवालीने मिठाच्या पोत्याला हात लावला की हा आधी धावतो. ती बोलत असली की ऐकतो, ती गेली की दाराकडे बघत राहतो. माझ्या सिनेमातला लाकडं फोडणारा अगदी असाच बघतो. तिथे असतं तर शेवटी बर्फ पडून सगळं गोड झालं असतं. इथे तिला नवरा होता ना जिवंत. मग याने काय करावं?"

"प्रेमाने बघतो म्हणून खुनी? वन्सं, हा काय पुरावा झाला?"

"लावा तुम्ही," वन्सं संपादिकेला म्हणाल्या.

संपादिकेचा चेहरा लाकडासारखा झाला होता. तिने भाग लावला. इन्स्पेक्टरबाई खुर्चीच्या कडेवर आल्या. डॉक्टरला पकडलं, तेव्हा त्यांनी वन्संकडे असं बघितलं, की बघा. डॉक्टरला सोडलं. मग मळकट कोट सावकाश उतार उतरून होडीच्या कारखान्यात गेला, आणि तो अबोल माणूस हातातला रंधा खाली ठेवून म्हणाला, 'तिला सांगू नका की मी तिच्यासाठी केलं.'

"होडीवाला!" इन्स्पेक्टरबाई किंचाळल्या. "अहो वन्सं! होडीवाला!"

भिंतींना अस्तर असूनही शेजारच्या खोलीतून दोन माणसं काय झालं म्हणून बघायला आली. इन्स्पेक्टरबाईंनी वन्संचे दोन्ही खांदे धरून त्यांना गदागदा हलवलं होतं. राग म्हणावा तर राग नव्हता. इतक्या वर्षांत त्या अशा साफ कधी फसल्या नव्हत्या, आणि त्यांना एवढा आनंद कशाचा झाला होता हे त्यांचं त्यांनाही कळत नव्हतं. वन्सं मात्र हुंदके देत होत्या.

"आता रडायला काय झालं? तुमचंच खरं ठरलं ना!"

"बिचारा," वन्सं म्हणाल्या. "आता तिचं पोतं कोण उचलणार?"

संपादिकेने दोघींना समोर बसवलं. सुट्टीतल्या सिनेमांचा एक गठ्ठा यायचा होता, त्यालाही अक्षरं हवी होती. वन्सं गोष्टीचा धागा बघतील, काकू अक्षरं बघतील. मानधन थोडं होतं, पण जायला-यायला गाडी मिळणार होती. येणार का?

"मी? तो बर्फ?" इन्स्पेक्टरबाई म्हणाल्या.

वन्सं नुसत्या त्यांच्याकडे बघत राहिल्या.

"बरं, बरं. येते."

पुढच्या आठवड्यात त्याच खोलीत पहिला सिनेमा लागला. शहरातली बाई गावात पोचायच्या आत इन्स्पेक्टरबाईंनी बेकरीवाल्या म्हाताऱ्यावर संशय घेतला होता, चौकड्यांच्या शर्टवाल्याची पहिली बायको कशी गेली याची चौकशी झाली पाहिजे असं तीनदा बजावलं होतं, आणि वन्सं तोंडावर रुमाल धरून हसून हसून आडव्या झाल्या होत्या. पण सिनेमा पुढे गेला तसा इन्स्पेक्टरबाईंचा हात कमी वेळा वर होऊ लागला. शेवटाकडे ती बाई बॅग घेऊन स्टेशनवर उभी राहिली. गावातला रस्ता रिकामा झाला. दिव्याखाली बर्फ पडू लागला, आणि पडद्याखाली काहीच आलं नाही.

इन्स्पेक्टरबाईंनी हात वर केला. चित्र थांबलं.

"इथे अक्षरं राहिली."

"इथे आवाजच नाही, काकू," संपादिका म्हणाली. "संगीतही थांबवलंय त्यांनी."

"बर्फाचा आवाज असेल ना?"

संपादिकेने वन्संकडे बघितलं.

"बर्फाला आवाज नसतो, वहिनी," वन्सं म्हणाल्या. "आम्हालाही काही ऐकू येत नाहीये."

इन्स्पेक्टरबाई थांबलेल्या चित्राकडे बघत राहिल्या. दिव्याभोवती पांढरे ठिपके अधांतरी लटकले होते. कानातलं यंत्र त्यांनी हळूच काढून मुठीत घेतलं.

"मग काही लिहू नका," त्या म्हणाल्या. "लावा पुढे, लावा! तो शर्टवाला अजून स्टेशनवर पोचला कसा नाही?"