ओळख पटली

लॅपटॉप उघडून तिने परवलीचा शब्द टंकण्यासाठी बोटे कळफलकावर ठेवली, तोच पडदा आपणहून उजळला. ‘पुन्हा स्वागत, ताई,’ अशी अक्षरे उमटली आणि काल अर्धवट राहिलेले पत्रक समोर येऊन उभे राहिले.

तिची बोटे होती तिथेच राहिली.

ती ताई नव्हती. ताई तिची थोरली बहीण. ती वारल्याला सात वर्षे झाली होती. यंत्र ताईचे, त्यातले नाव ताईचे, आणि चेहरा पाहून कुलूप उघडण्याची सोयही ताईनेच मोठ्या हौसेने करून घेतलेली. गेली सात वर्षे रोज सकाळी कॅमेऱ्याशेजारचा बारीक दिवा लुकलुकत धाकटीचे तोंड न्याहाळी, ‘चेहरा ओळखता आला नाही’ असा निर्विकार निकाल देई, आणि मग ती ताईचा परवलीचा शब्द टंकून आत शिरे. हा रोजचा लहानसा अपमान तिच्या इतका अंगवळणी पडला होता, की आज तो झाला नाही तेव्हा घरातले काहीतरी चोरीला गेल्यासारखे तिला वाटले.

तिने झाकण मिटले. पुन्हा उघडले.

‘पुन्हा स्वागत, ताई.’

“आई, जरा इकडे ये.”

“आले. घर पेटलंय की नुसतंच बोलावतेस?” आई उशीचा अभ्रा आणि सुई घेऊनच दारात आली.

“इथे बस. ह्याच्याकडे बघ.”

आई खुर्चीत बसली, पदर नीट केला आणि फोटो काढायला बसल्यासारखी ताठ झाली. दिवा लुकलुकला. चेहरा ओळखता आला नाही.

“मेल्याला रीत नाही,” आई म्हणाली. “नऊ वर्षं माझ्या घरची वीज पितोय, आणि मलाच ओळखत नाही!”

“आता मी बसते. बघ हं.”

पडदा उघडला. आईच्या हातातली सुई थांबली.

“चष्म्यामुळे असेल,” जरा वेळाने ती म्हणाली. धाकटीला मागच्याच आठवड्यात चष्मा लागला होता. नवी चौकट कशाला, म्हणून ताईच्या जुन्या चौकटीतच काचा बसवून आणल्या होत्या. तिने चष्मा उतरवला. पडदा उघडला. केस सोडले, तरी उघडला. डोळे मिटून बसली तेव्हा मात्र तो तसाच काळा राहिला, जणू तिच्या जागे होण्याची वाट पाहत.

“एक्केचाळीस ना गं तुला आता?” आईने विचारले. ती लेकीकडे पाहत नव्हती. पडद्यावरच्या नावाकडे पाहत होती. “तीही एक्केचाळीसचीच होती.”

औषधाच्या खोक्यात पातळ कागदाची एक घडी असते. खोके उघडल्यावर माणूस सर्वांत आधी जी फेकून देतो, ती. त्या कागदावरचा मजकूर शुद्ध आणि बिनचूक करून देणे हे ताईचे काम होते. क्वचित प्रसंगी भास होऊ शकतात, अवजड यंत्रे चालवू नयेत, लक्षणे वाढल्यास उपचार थांबवावेत. कुणीही न वाचणारे इशारे ती डोळ्यांत तेल घालून तपासायची. एके सकाळी ती उठलीच नाही, तेव्हा आठ पत्रके अर्धी राहिली होती. पाचव्या दिवशी आई धाकटीला म्हणाली, “चार दिवस बस तिच्या जागी. हातातलं तेवढं पुरं होऊ दे, लोकांची औषधं अडतील.” धाकटी तेव्हा एका ग्रंथालयाच्या बांधणी विभागात होती. तिने चार दिवसांची रजा काढली.

ते चार दिवस अजून चालू होते.

कचेरीला कुणी कळवले नाही, कारण कचेरीतून कुणी विचारले नाही. आठ पत्रके गेली, त्यांच्या पाठोपाठ दहा आली. माणूस मेला हे असल्या आस्थापनांना त्याचे काम थांबल्यावरच समजते. काम थांबले नाही, म्हणून ताई मेली नाही, इतका सरळ तो हिशेब होता. परकायाप्रवेश करणारे योगी आपला मूळ देह विश्वासू शिष्याच्या राखणीत ठेवून जात, असे जुन्या पोथ्या सांगतात. धाकटीने अशी काही तजवीज केली नव्हती. ग्रंथालयातली तिची जागा महिन्याभरात भरली गेली. मैत्रिणींचे फोन आधी विरळ झाले, मग थांबले.

आणि आता यंत्र म्हातारे झाले होते. बिजागरीला चिकटपट्टी होती, पडद्यावर एक उभी हिरवी रेघ कायमची मुक्कामाला आली होती, आणि वायर निसटली की ते तत्क्षणी मान टाकत असे. नवा घ्यावा की थांबावे, हा घोळ ती दोन महिने घालत होती. थांबण्याचे खरे कारण वेगळेच होते. पुढच्या महिन्यापासून जुन्या यंत्रांवर काम चालणार नाही, असे कचेरीने कळवले होते. नव्या यंत्रावर प्रत्येकाचा चेहरा दप्तरातल्या फोटोशी एकदा जुळवून पाहिला जाणार होता. फोटो ताईचा होता. नवा लॅपटॉप म्हणजे उघडे पडणे, आणि थांबणे म्हणजे निदान महिनाअखेरपर्यंत झाकलेले राहणे.

“आता कुठे घोडं अडतंय?” आई म्हणाली. “आजच घेऊन टाक नवीन. तोंड तर जुळतंय. फक्त नाव तेच राहू दे हो. पगाराच्या पाकिटावर तिचं नाव आलं की मला बरं वाटतं.”

“आणि माझं?”

“तुझं काय? तू आहेसच की.”

दुपारी ती जुना लॅपटॉप पिशवीत घालून दुरुस्तीच्या दुकानात गेली. दुरुस्तीवाला पन्नाशीचा, कानात कापसाचा बोळा असलेला, उघड्या पडलेल्या यंत्रांच्या ढिगात बसून चहा पिणारा गृहस्थ होता. चिकटपट्टी पाहून त्याने कप खाली ठेवला.

“बाई, ह्याला लॅपटॉप म्हणू नका. वारसा म्हणा.”

तिने त्याला सकाळचा प्रकार सांगितला. दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगावी तशी सांगितली. तो हसला नाही. त्याने यंत्र चालू करून स्वतःचे तोंड दाखवले, मग तिच्याकडे वळवले, मग आत कुठे कुठे जाऊन बराच वेळ काहीबाही वाचत बसला.

“चूक नाही झालेली,” शेवटी तो म्हणाला. “तो बिचारा शिकलाय. कसं असतं, तो चेहरा बघतो, म्हणतो, नाही बुवा, ही ती नव्हे. लगेच तुम्ही बरोबर परवलीचा शब्द टाकता. मग त्याला वाटतं, अरे, हीच ती, आपलंच चुकलं. की तुमचं थोडं आत घेतो. दुसऱ्या दिवशी परत तेच. किती वर्षं म्हणालात?”

“सात.”

“म्हणजे सात वर्षं रोज सकाळी तुम्हीच त्याला सांगितलंत, मी ताई. शेवटी पटलं त्याला.”

बाहेर कुणीतरी लोखंडी शटर ओढले. तो आवाज विरल्यावर तिने विचारले,

“तिचा मूळ चेहरा आत असेल ना? एकदा बघता येईल?”

“फोटो नसतो हो त्यात. मापं असतात नुसती. दोन डोळ्यांतलं अंतर, हनुवटीचा उतार, असलं. आणि तीसुद्धा आता तिची नाहीत राहिली. तुमचं जेवढं आत गेलं, तेवढं तिचं झिजलं.”

“म्हणजे आज ती स्वतः येऊन ह्याच्यासमोर बसली असती तर?”

दुरुस्तीवाल्याने चहाचा शेवटचा घोट घेतला. “तर तिला परवलीचा शब्द टाकावा लागला असता.”

त्याने फडताळातून नवा, करड्या रंगाचा लॅपटॉप काढून तिच्यापुढे ठेवला. “हा तुमच्या कामाला भरपूर झाला. आता सांगा, जुन्यातलं सगळं जसंच्या तसं ह्यात ओतू, नावासकट, चेहऱ्यासकट? अर्ध्या तासाचं काम. की कोरा चालू करू? कोरा केला तर जुन्या नावानं काही उघडणार नाही, आणि तो जुना मी पुसून मोडीत काढणार. नंतर रडून उपयोग नाही.”

“पाच मिनिटं द्या,” ती म्हणाली आणि बाहेर पायरीवर जाऊन तिने कचेरीतल्या पर्यवेक्षक बाईंना फोन लावला. या बाईंशी ती सात वर्षे बोलत होती. त्यांना कधी पाहिले नव्हते.

“बोला ताई! पडताळणीचंच ना? अजिबात टेन्शन घेऊ नका. कॅमेऱ्यासमोर दोन मिनिटं बसायचं, झालं.”

“मी ताई नाही. तिची धाकटी बहीण. ताई सात वर्षांपूर्वी गेली.”

“गेल्या म्हणजे... काम सोडून?”

“वारली.”

“अरेरे,” पर्यवेक्षक बाई म्हणाल्या, आणि अशा प्रसंगी जितके थांबावे तितके थांबल्या. “मग परवाचं रक्तदाबाचं पत्रक?”

“मी केलं.”

“त्याच्या आधीची?”

“तीही मीच.”

“कमाल आहे. चूक कधी एक नव्हती हो.” पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. “मग अडचण काय आहे? चेहरा जुळणार नाही म्हणता?”

“जुळतोय.”

“मग झालं तर! मी काही ऐकलं नाही, तुम्ही काही बोलला नाहीत. अहो, नाव बदलायचं म्हणजे त्यांना बंद करावं लागेल, तुम्हाला नव्यानं घ्यावं लागेल. परीक्षा, उमेदवारी... आणि घेतीलच असंही नाही. जुळतंय ते कशाला मोडायचं या वयात, ताई?”

त्या आवाजात कपट नव्हते. उलट खरीखुरी आपुलकी होती, आणि तिला थंडी वाजली ती त्या आपुलकीनेच. दुकानाच्या काचेत एक चष्मा लावलेली बाई कानाशी फोन धरून उभी होती. पुढच्या महिन्यात ही बाई ताईहून मोठी होणार होती. त्यापुढचे प्रत्येक वर्ष ताई न जगलेले असणार होते, आणि तेही ताईच्याच नावे जमा होणार होते.

“परीक्षेचा अर्ज कुठे मिळतो?” तिने विचारले.

पलीकडे पुन्हा कागद चाळले गेले. मग बाईंनी पत्ता सांगितला, थोड्या तुटकपणे, आणि पहिल्यांदाच तिला कुठल्याही नावाने न संबोधता फोन ठेवला.

“काय ठरलं?” दुरुस्तीवाल्याने विचारले.

“कोरा.”

“नक्की?”

“नक्की. जुन्यातलं काही नको.”

त्याने खांदे उडवले, ताईचा लॅपटॉप आपल्या बाजूला ओढला आणि लांबोडकी वही तिच्यासमोर उघडली. यंत्र पुसून मोडीत काढण्यास संमती, वापरणाऱ्याची सही. त्याने ओळीवर बोट ठेवले.

कागदाला टेकताच पेन सवयीने ताईच्या नावाच्या पहिल्या अक्षराकडे वळले. तिने ते उचलले, त्याची कळ दोनदा दाबून टोक आतबाहेर केले, आणि स्वतःचे नाव लिहिले. सात वर्षांत ही सही तिच्याकडे कुणी मागितली नव्हती. ती टपोरी उमटली, उजवीकडे किंचित कललेली; शेवटच्या अक्षराखाली एक लांब, हौशी रेघ होती. तिचे बाकी सगळे ज्या वाटेने गेले होते, त्या वाटेने ही गेली नव्हती. ती चौतीस वर्षांच्या बाईची सही होती.

दुरुस्तीवाल्याने वही फिरवून घेतली. सहीकडे पाहिले, मग तिच्याकडे.

“ही तुमचीच ना?”

“हो,” ती म्हणाली, आणि शाई वाळेपर्यंत तिथेच उभी राहिली.