फुटलेली काचपट्टी

जुन्या राजवाड्याच्या भिंतीला तडा गेला होता आणि त्यावर एक पातळ काचपट्टी चिकटवली होती. भिंत जरा जरी हलली, की काच फुटणार आणि धोका कळणार.

राजवाड्याची देखरेख करणारे अधिकारी, म्हणजे सगळ्यांचे साहेब, त्या काचेला जिवापाड जपत. अशात वरून हुकूम आला : देशोदेशीच्या वादकांचा मोठा वाद्यवृंद राजवाड्याच्या चौकात वाजणार! साहेब धुसफुसले : परक्या माणसांना आपल्या दगडांची काय कदर?

वादक आले, तसे साहेब डोळ्यांत तेल घालून त्यांच्या मागे फिरू लागले. त्यातला एक उंचापुरा ढोलवादक बोटांनी भिंत ठोकायचा आणि कान लावून ऐकायचा.

"ह्याचं काहीतरी काळंबेरं आहे," साहेब आपल्या ड्रायव्हरला म्हणाले.

"दिसतोच तसा, साहेब," ड्रायव्हरने री ओढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काचपट्टी फुटलेली!

"कार्यक्रम रद्द!" साहेब गरजले. वाद्यवृंदाच्या म्हाताऱ्या संचालिकाबाई त्यांना विनवू लागल्या. वर्षभराची तालीम पाण्यात जाणार होती.

कार्यक्रमाला म्हणून साहेबांची थोरली बहीण आली होती. ती निवृत्त न्यायाधीश. तिने शांतपणे विचारलं, "काच कशानं फुटली रे?"

"ढोलांनी, ताई. आणखी कशानं?"

"आणि ढोल कुठायत?"

"ट्रकमध्ये. आत्ता पोचतायत."

"म्हणजे न वाजलेल्या ढोलांनी भिंत हलवली?"

साहेब गडबडले. "मग त्या लांबड्यानं ठोकून फोडली असेल!"

"बोटांनी? अरे, आधी माणूस दोषी ठरवायचा आणि मग गुन्हा शोधायचा, ही कुठली रीत? चोर सोडून संन्याशाला फाशी! चल, भिंतीच्या पलीकडं बघू."

पलीकडे सावलीत साहेबांची गाडी उभी होती. तिच्या मागच्या बाजूला भिंतीचा चुना लागलेला. ड्रायव्हरने मान खाली घातली.

"काल मागं घेताना जरा धडकली, साहेब. भ्यालो म्हणून बोललो नाही. रोज इथंच लावतो ना... सावलीत लाव, असं तुम्हीच सांगितलंत."

साहेबांना शरमेने मान वर करवेना. तेवढ्यात संचालिकाबाई त्या ढोलवादकाला घेऊन आल्या. "हा म्हणतो, इथं भिंत पोकळ वाजते. ढोल चौकाच्या दुसऱ्या टोकाला मांडूया, चालेल?"

ज्याला चोर ठरवलं, तोच भिंतीची काळजी करत होता!

गाड्या त्याच दिवशी फाटकाबाहेर गेल्या. तज्ज्ञांनी भिंत तपासली, तिला टेकू दिला आणि मगच ढोल दूरच्या टोकाला मांडले. संध्याकाळी पहिला सूर लागण्याआधी साहेब स्वतः पुढे आले.

"मंडळी, ह्या भिंतीला धक्का दिला माझ्या गाडीनं, आणि आळ घेतला मी पाहुण्यांवर. मला माफ करा."

वाचकहो, आपला वारसा जपायचा तर संशय जरूर घ्यावा. पण परक्याकडे बोट दाखवण्याआधी आपली गाडी कुठे उभी आहे, ते पाहून यावं.